भिंतीतला बोंबो

पालो सोलो गावच्या क्लबातला हॉल दर रविवारी चार बोटं अरुंद व्हायचा. गाणं संपत आलं की पूर्वेची भिंत आत सरकायची, थोडा चुना झडायचा, टाळ्या वाजायच्या आणि लोक आपापल्या खुर्च्या जवळ ओढून घ्यायचे. गाणं नेहमीचंच असायचं, विकलेल्या घोडीचं, आणि नेहमी म्हणायचे तसंच म्हटलेलं असायचं. मागच्या खेपेसारखं म्हटलेलं गाणं हॉल खातं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याचं नवल कुणाला नव्हतं. उत्तर आर्जेन्टिनातल्या त्या डोंगरपायथ्याला गारा पडायच्या, द्राक्षांवर कीड यायची, आणि हॉल अरुंद व्हायचा.

एर्मेलिंदाला मात्र जुना हॉल आठवत होता. गाणारी तीच होती, तेव्हाही आणि आताही. तेव्हा ती पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली की पूर्वेला बसलेल्या माणसाचा चेहरा ओळखू यायचा नाही, नुसता शर्टाचा रंग दिसायचा. लाकडी जमिनीवर मक्याचं पीठ भुरभुरायचे, पाय सरकावेत म्हणून. कार्निव्हलच्या दिवसांत मुली तुळशीची डहाळी कानामागं खोवून यायच्या आणि हॉलभर त्या वासानं डोकं हलकं व्हायचं. सांबा सुरू झाला की आजूबाजूच्या खेड्यांतली जोडपी समोरासमोर उभी राहायची. हा सांबा ब्राझीलचा धावता सांबा नव्हे. हा संथ असतो. बाई आणि बाप्या हातात रुमाल घेऊन एकमेकांभोवती फिरतात, जवळ येतात, लांब जातात, आणि गाणं संपेपर्यंत शिवत नाहीत.

आता हॉलचा बोळ झाला होता. नाचणारे एकामागं एक उभे राहायचे आणि बाप्याला बाईची फक्त वेणी दिसायची. गिटार उभी धरून वाजवायला लागायची. पियानोचा डाव्या हाताचा भाग, सगळ्या खर्जाच्या पट्ट्यांसकट, भिंतीत गेला होता. आणि पूर्वेच्या बाजूला बसणारी माणसंही भिंतीत गेली होती.

ती गेली, कारण गाणं चालू असताना पालो सोलोत कुणी उठत नाही. गाणं मध्येच तोडत नाहीत आणि गाण्यातून उठून जात नाहीत. गाणाऱ्याचा याहून मोठा अपमान त्या गावाला माहीत नव्हता. एखाद्या रविवारी भिंत चार बोटांवर थांबायची नाही, आणि ती पाठीला टेकली तरी माणूस बसून राहायचा. मग भिंत खांद्यावरून यायची, मग मांडीवरून, आणि शेवटी बुटांची टोकं तेवढी थोडा वेळ दिसत राहायची. मास्तरीण क्लोतिल्दे हातात सरबताचा ग्लास घेऊन गेली होती. सगळ्यांत आधी गेला निकानोर, कारण त्याची खुर्ची सगळ्यांत मागं, थेट भिंतीला लागून होती. निकानोर एर्मेलिंदाचा नवरा. तो बोंबो वाजवायचा. झाडाचा बुंधा पोखरून, दोन्ही तोंडांना लोकरीसकट मेंढीचं कातडं लावलेला मोठा ढोल. त्या रविवारी ती गात होती, त्यानं एकदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि वाजवता वाजवता तो आत गेला.

"एकही ठोका चुकला नाही गड्याचा," टाळ्या थांबल्यावर बासिलियो म्हणाला होता. बासिलियो क्लबाचा अध्यक्ष, गिटार वाजवायचा.

पुढच्या रविवारी एर्मेलिंदानं गाणं म्हटलं तेव्हा भिंतीतून बोंबो ऐकू आला. जरा उशिरा, पण ऐकू आला.

"भिंत जाड आहे," बासिलियोनं समजावलं. "आवाजाला यायला वेळ लागणारच. तू लक्ष देऊ नकोस. आपण आपलं पुढं जायचं."

तेव्हापासून दर रविवारी ती गात होती. गायलं की तो वाजवायचा. एरवी भिंत मुकी असायची. आणि नेहमीसारखं गायलं की भिंत चार बोटं जाड व्हायची. तो ऐकू यावा म्हणून तिनं गायचं, आणि त्यानंच तो आणखी आत जायचा. किती वर्षं झाली, हे ती मोजत नसे. केस पांढरे झाले, गुडघे दुखायला लागले, आणि बोंबोचा आवाज आता उशीमागून आल्यासारखा येत होता.

मग एका रविवारी टाळ्या वाजवताना लोकांचे कोपर समोरच्या भिंतीला लागले. आणखी एक गाणं, की दोन्ही भिंती मिटणार, हे सगळ्यांना दिसलं. त्याच संध्याकाळी एर्मेलिंदानं ब्वेनोस आयरेसला फोन लावला. तिच्या बहिणीची मुलगी लूर्देस तिथं जाझ वाजवायची.

"पियानो आहे का गं अजून?" लूर्देसनं विचारलं.

"अर्धा आहे."

"कुठला अर्धा?"

"वरचा."

"मग मी तादेओला घेऊन येते. तो खालचा अर्धा करेल."

तादेओ म्हणजे उंच, वाकलेला माणूस, आणि त्याच्याहून उंच त्याचा डबल बास. दोघं बसच्या टपावरून उतरल्यासारखे धुळीनं माखून आले. बास आडवा हॉलमध्ये शिरेना. उभा शिरला. तादेओ त्याच्या मागं उभा राहिला तेव्हा त्याचं नाक बासच्या मानेला लागलं.

"माझ्या पहिल्या खोलीपेक्षा बरा आहे," तो म्हणाला.

दुपारची वेळ होती. पालो सोलोत जेवणानंतर सगळं गाव झोपतं आणि त्या वेळेला कुत्रंही भुंकत नाही. लूर्देसनं पियानोसमोर आडवं बसून बोटं मोडली. लहान असताना मावशीच्या मांडीवर बसून ऐकलेलं ते गाणं तिनं वाजवायला घेतलं. घोडीचा मालक रागाच्या भरात घोडी विकतो, आणि पुढं जत्रेच्या गर्दीत डोळे मिटून उभा असताना टापांवरून तिला ओळखतो, एवढीच गोष्ट. लूर्देसनं त्याचे तुकडे केले, उलटे लावले, मधले सूर काढून टाकले, लयीचा पत्ता लागू दिला नाही. तादेओ तिच्या मागं पळत होता. ऐकायला छान होतं. एर्मेलिंदा पूर्वेच्या भिंतीकडे बघत होती.

"हलली?" संपल्यावर लूर्देसनं विचारलं.

"हलेल कशी? तू घोडीचं गाणं वाजवलंस कुठं? दुसरंच काहीतरी वाजवलंस. भिंतीला काय त्याचं? चांगलं होतं पण."

"चांगलं होतं म्हणजे आवडलं नाही."

"आवडलं गं. शहरातल्या पावासारखं होतं. फुगलेलं."

तादेओला हसू आलं ते त्यानं बासच्या मागं लपवलं.

दुसऱ्यांदा लूर्देसनं चाल जशीच्या तशी ठेवली आणि खाली नवे, कडवट सूर पेरले. भिंत कुरकुरली. ती आत येत होती. तादेओनं बास पोटाशी धरला आणि पाठीनं भिंत रेटायला लागला.

"वरून नवा रंग दिलाय नुसता," एर्मेलिंदा म्हणाली. "भिंतीला कळतं."

गाणं तोडता येत नव्हतं, म्हणून लूर्देसनं ते घाईघाईनं संपवलं. भिंत बोटभर येऊन थांबली. तेवढ्यात दारात बासिलियो उभा राहिला, पायजम्यात, केस विसकटलेले.

"झोपेच्या वेळेला?" तो म्हणाला. "एर्मेलिंदा, तुझ्या आईनं तुला हेच शिकवलं?"

"आईनं गायला शिकवलं. वेळ नाही शिकवली."

बासिलियोनं आडवं होत होत आत येऊन पियानोकडे पाहिलं. "ज्याला चाल आठवत नाही तो जे वाजवतो, त्याला शहरात जाझ म्हणतात, असं ऐकलंय."

"आणि बासिलियोकाका," लूर्देसनं विचारलं, "ज्याला चालीशिवाय दुसरं काहीच आठवत नाही, तो वाजवतो त्याला काय म्हणतात?"

"परंपरा," बासिलियो म्हणाला, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. "रविवारी आपण गाणं म्हणणार आहोत. आजोबांनी म्हटलं तसं. शेवटचं."

"भिंती मिटतील," एर्मेलिंदा म्हणाली.

"मिटू देत. हॉल गेला तरी गाण्याला ओरखडा नाही, असं लोक म्हणतील."

"माझा नवरा आहे आत."

"माझा भाऊही आहे," बासिलियो म्हणाला. त्याचा आवाज क्षणभर खाली आला. "तो कधी कुरकुरला नाही."

बासिलियो निघून गेला. मग, भाची एवढ्या लांबून आली आहे तर तिला निदान काका ऐकवावा, म्हणून एर्मेलिंदा गुणगुणायला लागली. पहिली ओळ. भिंतीतून ठोका आला, लांबून, मऊ.

लूर्देस उठली आणि तिनं भिंतीला कान लावला.

"तो मागं पडतो," एर्मेलिंदा दोन ओळींच्या मधे म्हणाली. "लक्ष देऊ नकोस."

"तू गात राहा."

लूर्देसनं दोन्ही हात भिंतीवर टेकवले. तिच्या बोटांवर चुना आला. गुणगुणणं संपलं, भिंत बोटभर पुढं आली, तरी तिनं कान काढला नाही.

"मावशी, तो मागं पडत नाहीये. प्रत्येक ठोका तेवढाच उशिरा येतोय. हे चुकून होत नाही. लयीला पाठ टेकून आरामात बसलाय काका. हे यायला आमच्याकडच्या लोकांची उमर जाते."

"खरंय," तादेओ म्हणाला. "माझी चाललीय."

एर्मेलिंदा पियानोच्या कडेला टेकली. तिला जुना हॉल आठवला. निकानोर तिकडच्या टोकाला, आणि ती इकडच्या. त्याचा ठोका एवढं अंतर कापून तिच्याकडे यायचा, आणि तो येईपर्यंत ती ओळीच्या शेवटी थांबायची. तोंड उघडं, श्वास भरलेला, सगळा हॉल तिच्याबरोबर थांबलेला. ठोका आला की मगच पुढची ओळ. तेव्हाच्या गाण्यात तो थांबा होता. निकानोर भिंतीत गेला आणि बासिलियो म्हणाला लक्ष देऊ नकोस, तेव्हापासून सगळे थांबायचं विसरून पुढं पळत होते. आणि त्या पळण्यालाच आजोबांचं गाणं म्हणत होते.

हे तिनं लूर्देसला सांगितलं.

"मग त्या थांब्यात जागा आहे," लूर्देस म्हणाली. "तू थांब. तो येईपर्यंत मला तिथं वाजवू दे. तिथं मी काहीही वाजवीन, आणि तरी घोडीचंच गाणं असेल."

"आणि थांबले आणि तो आलाच नाही तर?"

"तर हॉल मिटेल."

एर्मेलिंदानं पदराला हात पुसावा तसा एप्रनला हात पुसला. "तो बाहेर आला तर आत गेला तेव्हासारखा बावन्न वर्षांचाच असेल. मी त्याची आई दिसेन."

"मग आईसारखी रागाव त्याच्यावर."

रविवारी प्रार्थना झाली, चर्चच्या अंगणात एम्पानादा, खिम्याच्या करंज्या, खाऊन झाल्या, आणि तेलकट बोटं पुसत लोक एकामागं एक हॉलमध्ये शिरले. बसायला जागा नव्हती. सगळे एका बाजूला तोंड करून उभे होते, दुकानासमोरच्या रांगेसारखे. खिडकीतून येणाऱ्या उन्हाला समोरच्या भिंतीवर पडायलाही वाव नव्हता. बासिलियो टाय लावून, गिटार उभी धरून तयार होता. त्यानं घसा साफ केला आणि गाण्याचं नाव सांगितलं. मग सुरुवातीची सुरावट वाजवायला त्यानं हात उचलला, तोवर एर्मेलिंदानं गायला सुरुवात केली होती.

आता काही करता येत नव्हतं. गाणं सुरू झालं होतं.

पहिली ओळ संपली आणि ती थांबली. बासिलियोची बोटं सवयीनं पुढं गेली आणि एकटीच पडली. रांगेतल्या कुणाचा तरी श्वास अडकल्याचं ऐकू आलं. भिंत कुरकुरायला लागली. एर्मेलिंदाचं तोंड उघडं होतं आणि छातीत सगळी हवा भरलेली होती. त्या थांब्यात लूर्देसनं तीन सूर एकदम दाबले, जे त्या गावात कधी एकत्र बसले नव्हते, आणि त्यांच्या खालून तादेओनं एक लांब, जाड सूर ओढला.

ठोका आला.

तिनं दुसरी ओळ उचलली. या ओळीच्या शेवटी लूर्देस आणखी लांब भटकली. वरच्या पट्ट्यांवरून उतरत, अडखळल्याचं सोंग करत, आणि ठोका पडायच्या नेमक्या आधी घरी आली. भिंतीची कुरकुर बंद पडली. मग सगळ्यांच्या खांद्यांना एकाच वेळी जाणवलं की खांद्याला काही लागत नाही.

"सरकली," मागून कुणीतरी म्हणालं.

"श्श. गाणं चालू आहे."

बासिलियोला थांबावं लागत होतं. किती वर्षांत न थांबलेली त्याची बोटं तारांवर नुसती टेकून होती, आणि नुसतं राहणं त्यांना जमेना. तिसऱ्या थांब्यात ती आपणहून लूर्देसच्या सुरांच्या मागं गेली. बासिलियोनं स्वतःच्या हाताकडे परक्या माणसाच्या हाताकडे बघावं तसं पाहिलं. मग त्यानं टाय सैल केला आणि गिटार आडवी धरली. आता ती आडवी मावत होती.

भिंत मागं जात होती. पियानोच्या खर्जाच्या पट्ट्या चुना झटकत बाहेर आल्या आणि लूर्देसचा डावा हात तिकडे धावला. पहिली खुर्ची आली, तिच्यावर बासिलियोचा भाऊ, पाय पुढं पसरून. त्याच्या मागं मास्तरीण क्लोतिल्दे, हातातला ग्लास सरळ धरलेला. तिनं एक घोट घेतला.

"कोमट झालं," ती शेजारच्या बाईच्या कानात म्हणाली. "ही पियानोवाली कोण? ताल कुठं शिकली?"

"एर्मेलिंदाची भाची."

"नाक तेच आहे."

खुर्च्यांमागून खुर्च्या येत होत्या. जे नंतर गेले ते आधी आले. भुवयांवर चुना, कपड्यांच्या घड्या तशाच. रांगेतली जोडपी वळली आणि किती वर्षांनी एकमेकांची तोंडं बघून थोडी लाजली. खिशांतून रुमाल निघाले. सांब्याचे दोन भाग असतात. पहिला संपला की सगळे जागच्या जागी उभे राहतात, कुणीतरी ओरडतं, "दुसरा", आणि तेच गाणं पुन्हा सुरू होतं. या खेपेला सगळा हॉल ओरडला, भिंतीतली माणसं धरून. क्लोतिल्देचा आवाज सगळ्यांत वर होता.

दुसऱ्या भागात एर्मेलिंदाचा आवाज उघडला. तिला वाटलं होतं तो आवाज वयाबरोबर गेला असेल. तो कुठं गेला नव्हता. त्याला जागा नव्हती, एवढंच. ती एका ओळीवर थांबली की अख्खा हॉल तिच्याबरोबर थांबायचा, आणि त्या थांब्यात लूर्देस काय करेल याची लोक जत्रेतल्या आतषबाजीसारखी वाट बघायचे. एकदा ती नुसती गप्प बसली. तेव्हा लोक हसले, आणि ठोका आला तेव्हा सगळ्यांनी एकदम पाय आपटले.

हॉल जुन्या मापाला पोचला तेव्हा निकानोर बाहेर आला.

तो ढोलावर वाकलेला होता. केस चुन्यानं पांढरे होते, म्हणून लांबून तो तिच्याच वयाचा दिसला. बाकी नुसता शर्टाचा रंग दिसत होता, निळा. त्यानं मान वर केली. ओळीच्या शेवटी ती थांबली होती, तोंड उघडं ठेवून, आणि एवढ्या अंतरावरूनही तिला कळलं की त्यानं ते तोंड ओळखलं. त्याची काठी कातड्यावर पडली. उशिरा, पण अगदी तेवढाच उशिरा.

भिंत मात्र थांबली नाही. निकानोरच्या खुर्चीचे मागचे पाय तिच्यात रुतलेले होते, आणि ती त्याला घेऊन मागं चालली होती. मधली जमीन लाटल्यासारखी पसरत होती. छप्पर तिच्याबरोबर जात होतं. चौकातली संत्र्याची झाडं हॉलमध्ये आली, मग बाक, आणि बाकावर टोपी तोंडावर घेऊन झोपलेला पोस्टमन.

बासिलियो वाजवता वाजवता तिच्याकडे झुकला. "एर्मेलिंदा, हॉल होता तेवढा झाला. लवकर आटप आता. तो लांब चाललाय."

लूर्देसही मान वळवून बघत होती. तिची बोटं चालूच होती. "मावशी, मी साधं वाजवू का? साधं वाजवलं तर थांबेल."

"साधं वाजवलंस तर तो पुन्हा भिंतीत जाईल," एर्मेलिंदा दोन ओळींच्या मधे म्हणाली. "तू वाजव. सुचेल ते वाजव."

तिनं क्लोतिल्देच्या हातातून रुमाल ओढून घेतला आणि ती निघाली. पालो सोलोत गाणं चालू असताना उठून जात नाहीत. पण ती जात नव्हती, ती गात होती. नाचणाऱ्यांनी रुमाल वर करून वाट दिली. संत्र्यांखालून जाताना तिच्या केसांवर फुलं पडली आणि तिनं ती झटकली नाहीत. गुडघे दुखत होते आणि ती तालात होती. तिच्या मागं सगळं गाव गात होतं, ओळ संपली की एकदम थांबत होतं, आणि तिच्या पाठीमागं लूर्देसचा पियानो घोडीसारखा उधळून ठोक्यापाशी अचूक थबकत होता. अंतर वाढत होतं म्हणून थांबाही लांबत होता. लांबलेल्या थांब्यात लूर्देस जे वाजवत होती ते कुणी कधी ऐकलं नव्हतं.

भिंत नदीपलीकडे गेली. नदी हॉलमध्ये आली, रुंद, उन्हात चमकणारी, छपराखालून वाहणारी. पलीकडच्या काठावर एक निळा ठिपका ढोलावर वाकला होता.

एर्मेलिंदानं ओळ पूर्ण केली. तिनं बुटासकट एक पाय पाण्यात टाकला, रुमाल डोक्याच्या वर धरला, आणि ठोका यायची वाट पाहिली.